काट्यावरचा कॉम्प्युटर: सेटअपमध्ये काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: धरणगाव तालुक्यातली एक जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना). ऑफिससाठी आणि वजनकाट्यासाठी कंपनीतून निघालेले दोन डेस्कटॉप घेतलेत, आय-फाइव्ह, आठवी पिढी, ८ जीबी रॅम. काट्यावरच्या मशीनची तारीख लाईट गेली की मागे जाते. विंडोज ११ टाकायला गेलं तर ‘या पीसीवर चालणार नाही’ असं येतं. रात्रपाळीची पोरं पेनड्राइव्ह लावून नाही ते चालवतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्राम; त्याच्या सेटिंगच्या पानांना सेटअप म्हणतात) जाऊन काय काय सेट करावं आणि पासवर्ड कोणता टाकावा?

भाऊ, पासवर्डपासून सुरुवात करू नका. जवळपास सगळे तिथूनच सुरुवात करतात, आणि चार दिवसांनी दुसरं काही बदलायला गेलं की तोच पासवर्ड आडवा येतो. आधी मशीन नीट करायचं, मग त्याच्या जागेप्रमाणे सेटिंग लावायची, फोटो काढून ठेवायचे आणि कुलूप शेवटी. तुमच्या दोन मशीनची कामं वेगळी आहेत, म्हणून दोघांची सेटिंगही एकसारखी नसणार. एकाची बघून दुसऱ्यात तश्शीच मारू नका.

सेटअपमध्ये जायची किल्ली कंपनीप्रमाणे बदलते. डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, लेनोवोच्या थिंकसेंटरला एफ-१. सुटे भाग जोडून बनवलेल्या मशीनवर बहुतेक डिलीट. एकदाच वेगळ्या ठिकाणाहून बूट करायचं असेल तर डेल आणि लेनोवोला एफ-१२, एचपीला एफ-९. किल्ली दाबूनही मशीन थेट विंडोजमध्ये पळत असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमध्ये, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, तिथे यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं असतं (यूईएफआय म्हणजे बायोसची नवी पद्धत, लेगसी म्हणजे जुनी). ते दिसलंच नाही, तर तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं आहे हेही तिथेच कळलं. त्याच्याबद्दल पुढे.

आत गेल्यावर काही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. पहिलं पान माहितीचं असतं: प्रोसेसर, रॅम किती आणि कोणत्या खाचेत, डिस्क, सर्व्हिस टॅग किंवा सिरीयल नंबर, बायोसची आवृत्ती. विक्रेत्याने ८ जीबी सांगितलंय तर ४-४ च्या दोन कांड्या आहेत की ८ ची एकच, ते इथे दिसतं. पुढे कधी कॅबिनेट उघडून कोणी कांडी बदलली तर हाच फोटो पुरावा.

कंपनीतून निघालेल्या मशीनमध्ये सगळ्यात आधी मागच्या मालकाच्या खुणा शोधायच्या. सेटअपमध्ये शिरतानाच पासवर्ड मागतोय का? मागत असेल तर पुढे काहीही न करता मशीन विक्रेत्याकडे परत न्या. ‘सेल काढला की जातो’ असं तो सांगेल. साध्या मदरबोर्डवर बऱ्याचदा तसं होतं, पण कंपन्यांच्या मॉडेलमध्ये पासवर्ड सेलवर चालणाऱ्या मेमरीत नसतोच, वेगळ्या चिपमध्ये असतो. सेल महिनाभर बाहेर ठेवला तरी तो तिथेच राहतो. काही मॉडेलमध्ये मदरबोर्डवर पासवर्डचा जंपर (दोन पिनांवरची छोटी टोपी) असतो, डेलमध्ये त्याच्याजवळ तसं छापलेलंही असतं. नव्या मॉडेलमध्ये मात्र तो उपायही कंपनीने मर्यादित केलाय आणि मालकीचा कागद दाखवल्याशिवाय काम होत नाही. हा व्याप विक्रेत्याचा आहे, तुमचा नाही.

दुसरी खूण कमी लोक बघतात. इंटेलच्या काही व्यावसायिक मॉडेलमध्ये एएमटी नावाची सोय असते. कंपनीचा आयटीवाला दुसऱ्या शहरात बसून मशीन चालू-बंद करू शकतो, स्क्रीन बघू शकतो, तेही विंडोज चालू नसताना. तुमच्या जिनिंगला याचा शून्य उपयोग. पण मागच्या कंपनीने ती चालू ठेवून मशीन विकलं असेल, किंवा आतला मूळ पासवर्ड कोणी कधी बदललाच नसेल (तो ‘ॲडमिन’ एवढाच असतो), तर त्याच नेटवर्कवरचा माणूस आत शिरू शकतो. सेटअपमध्ये किंवा बूट मेनूत मॅनेजमेंट इंजिनचं पान असेल तर तिथे जाऊन पूर्ण ‘अनप्रोव्हिजन’ करा, म्हणजे मागची नोंदणी पुसा, आणि बंद ठेवा. ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस नावाची ओळ दिसली तर ती ‘एनेबल्ड’ आहे का ते नीट बघा. ती चोरी झालेली मशीन शोधायची सोय आहे. मागच्या कंपनीच्या नावावर ती अजून चालू असेल तर विक्रेत्यामार्फत काढून घ्या. बंदच असेल तर आहे तशी राहू द्या. ‘कायमचं बंद’ असा जो पर्याय असतो तो एकदा निवडला की परत फिरवता येत नाही, म्हणून उत्सुकतेने दाबू नका.

आता तारीख. हे सेटिंगचं दुखणं नाही, सेलचं आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा जो गोल सेल असतो, सीआर२०३२, तो ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला की बदलून टाका. मशीन प्लगला लागलेलं असताना घड्याळ त्या विजेवर चालतं. लाईट गेली, किंवा संध्याकाळी काटा बंद करताना बोर्डाचं बटणच बंद केलं, की घड्याळ या सेलवर येतं. सेल मेलेला असेल तर सकाळी तारीख कुठल्यातरी जुन्या सालात. काट्यावर हा नुसता त्रास नाही. भरलेली ट्रॉली लाईट जायच्या आधी चढली, रिकामी होऊन लाईट आल्यावर चढली, तर एकाच पावतीवर भरलेलं वजन आजच्या तारखेचं आणि रिकामं वजन पाच-सात वर्षांपूर्वीचं छापून येतं. शेतकरी ती पावती हातात घेऊन विचारणार ना, काय व्हयनं भो? काही सॉफ्टवेअर तर रिकाम्या वजनाची वेळ आधीची आहे म्हणून नोंदच घेत नाहीत. ऑफिसच्या मशीनवर हेच झालं तर जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही, आणि ई-वे बिल अडतं. माणसं नेट कंपनीला फोन लावत बसतात.

सेल बदलताना प्लग काढा, चालू-बंदचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मग सेल काढा. लेखी असलेली बाजू वर. सेल बदलल्यावर काही मॉडेलमध्ये बाकीच्या सेटिंगही मूळ जागी जातात. म्हणूनच सेल पहिल्यांदा, सेटिंग नंतर. उलटं केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

याच्याबरोबर एक ओळखीची खूण सांगून ठेवतो. घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलं तर सेल. पण बरोबर साडेपाच तास मागे गेलं असेल तर सेलला दोष देऊ नका. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स सहसा ग्रीनिच वेळ ठेवतं, आणि दोन्हींत फरक ५ तास ३० मिनिटांचा. म्हणजे रात्री कोणीतरी पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवलेली असण्याची दाट शक्यता. तुमच्या रात्रपाळीचं उत्तर कदाचित यातच सापडेल.

पुढे बायोस अपडेट. मी एरवी चालत्या मशीनचं बायोस अपडेट करा असं म्हणत नाही, पण इथे म्हणतो. मशीन जुनं आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतर बऱ्याच आल्यात. शिवाय सिक्युअर बूटची (सही नसलेला प्रोग्राम मशीन सुरू होतानाच अडवणारी सोय) मायक्रोसॉफ्टची २०११ सालची सर्टिफिकेटं २०२६ च्या जूनपासून मुदतीबाहेर जायला लागतात. त्यांच्या जागी नवी येतात ती विंडोज अपडेटमधून, आणि काही मशीनमध्ये त्यासाठी बायोसही नवा लागतो. फाईल कंपनीच्या साइटवरूनच घ्यायची, सर्व्हिस टॅग टाकून, तुमच्याच मॉडेलची. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ वाल्या साइटवरून नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड बसू शकतो, म्हणून चांगल्या बॅटरीच्या यूपीएसवर लावून, आणि आपल्याकडे लाईट कोणत्या वेळी टिकते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्या वेळी. मे महिन्याच्या दुपारी नाही. बायोसच्या चिपवरचा प्रोग्राम गेला तर काय होतं ते लोकांनी २६ एप्रिल १९९९ ला बघितलंय. सीआयएच नावाच्या व्हायरसने त्या दिवशी डिस्क तर पुसल्याच, जिथे जमलं तिथे बायोसची चिपही पुसली आणि मशीन सुरूच होईनात.

अपडेट झालं की ‘लोड डिफॉल्ट्स’ करा. मागच्या कंपनीने काय काय फिरवून ठेवलंय ते एकेक शोधण्यापेक्षा कोऱ्या पाटीवरून सुरुवात बरी. हे करायचं ते विंडोज नव्याने टाकायच्या आधी, नंतर नाही. कारण यातल्या काही सेटिंग चालत्या विंडोजखालून बदलल्या की ते उठत नाही.

विंडोज ११ चा तुमचा अडथळा बहुतेक इथे आहे. आठव्या पिढीचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतो, रॅम ४ जीबी लागते आणि तुमच्याकडे ८ आहे. उरलं टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट. सेटअपमध्ये सिक्युरिटीच्या पानावर टीपीएम बघा. कुठे त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या मशीनमध्ये एफटीपीएम. ते चालू करा. मग बूटच्या पानावर लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, यूईएफआय चालू, आणि त्यानंतर सिक्युअर बूट चालू. बऱ्याच मशीनमध्ये सीएसएम बंद केल्याशिवाय सिक्युअर बूटची ओळ फिकटच राहते, दाबताच येत नाही. लोक म्हणतात पर्याय ‘लॉक’ आहे. लॉक नसतो, क्रम चुकलेला असतो.

सेकंडहँड मशीनवर विक्रेते वेळ वाचवायला एकाच डिस्कची नक्कल सगळ्यांत मारतात, आणि ती नक्कल पुष्कळदा जुन्या एमबीआर पद्धतीची असते (डिस्कचे भाग मांडायची पद्धत; नवी ती जीपीटी). तसल्या डिस्कवर लेगसी बंद केलं की ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. विंडोज तसंच ठेवून डिस्क जीपीटीत बदलायची सोय विंडोजमध्ये आहे, एमबीआर-टू-जीपीटी नावाची, आणि ती चांगली चालते. पण तुमच्या मशीनवर अजून काहीच महत्त्वाचं नाही. डिस्क पूर्ण पुसून यूईएफआयमध्येच नवं विंडोज टाका. कोणाची नक्कल, त्यात काय भरलेलं, कोण जाणे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ऑफिसच्या मशीनवर ११ च घ्या. काट्याच्या मशीनवर मात्र आधी काट्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारा, त्याचा प्रोग्राम ११ वर चालतो का. नाही म्हणाला तर ते मशीन नेटवर न ठेवता १० वर चालवणं हा मला चालेल असा मार्ग आहे. नेटशिवाय काट्याचं काही अडत नाही.

विंडोज टाकण्याआधी अजून एक ओळ: साटा ऑपरेशन, म्हणजे डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते. डेलच्या मशीन पुष्कळदा ‘रेड ऑन’ असताना येतात. तुमच्याकडे एकच डिस्क आहे, रेडचं (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) काम नाही. एएचसीआय (साधी पद्धत) करा. नाहीतर विंडोज टाकताना ‘ड्राइव्ह दिसत नाही, ड्रायव्हर द्या’ असं येऊ शकतं. आणि विंडोज टाकून झाल्यावर कोणाचं ऐकून ही ओळ बदलली तर निळी स्क्रीन आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. तेव्हा घाबरून फॉरमॅट मारायची गरज नसते, ओळ होती तशी परत केली की विंडोज उठतं. बदलणं खरंच गरजेचं असेल तर आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावायचं, रीस्टार्ट करताना सेटअपमध्ये एएचसीआय करायचं, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं, मग सेफ बूट काढायचं.

स्मार्ट रिपोर्टिंग बंद असेल तर चालू करा. डिस्क खराब व्हायला लागली तर सुरू होतानाच सांगते. काट्याच्या केबिनला प्रत्येक ट्रकबरोबर हादरे बसतात, तिथे जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाका.

आता काट्याचा खास भाग, आणि इथे बाजारातले बहुतेक मेकॅनिक चाचपडतात. काट्याच्या इंडिकेटरमधून (वजनाचे आकडे दाखवणारा डबा) जी वायर येते ती सिरीयल, नऊ पिनांची. कंपनीच्या मॉडेलमध्ये मागे तसा पोर्ट असेल तर भाग्य समजा आणि तोच वापरा. सेटअपमध्ये सिरीयल पोर्टची ओळ ‘ऑटो’वर किंवा बंद असते. ती थेट कॉम-१ वर ठेवा, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४. म्हणजे विंडोज पुन्हा टाकलं तरी काट्याच्या सॉफ्टवेअरला पोर्ट तिथेच सापडतो. यूएसबी कन्व्हर्टर लावला की त्याचा कॉम नंबर कोणत्या भोकात लावलाय त्यावर बदलू शकतो. साफसफाईत कोणी वायर काढून शेजारच्या भोकात लावली की सकाळी स्क्रीनवर वजनच येत नाही आणि बाहेर ट्रॉल्यांची रांग. कन्व्हर्टरशिवाय गत्यंतर नसेल तर त्या भोकावर पट्टी चिकटवून नाव लिहा. वेग, म्हणजे बॉड रेट, सेटअपमध्ये नसतो. तो सॉफ्टवेअरमध्ये, आणि इंडिकेटरवर जो असेल तोच.

याच पोर्टवर एक गंमत होते. लाईट आली, इंडिकेटर आणि मशीन दोन्ही बरोबर सुरू झाले, विंडोज उठलं, आणि माऊसला कोणी हात लावलेला नसताना पॉइंटर स्क्रीनभर उड्या मारायला लागला. खिडक्या आपोआप उघडतात, मेनू खाली पडतात. लोक म्हणतात व्हायरस, मग फॉरमॅट. व्हायरस नाही. इंडिकेटर सतत वजनाचे आकडे पाठवत असतो, विंडोज उठताना सिरीयल पोर्टवर माऊस शोधतं, आणि त्या आकड्यांनाच जुन्या काळचा सिरीयल माऊस समजून बसतं. तात्पुरतं करायचं तर वायर काढा, मशीन पूर्ण उठू द्या, मग वायर लावा. कायमचं करायचं तर तो गोंधळ चालू असताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या खाली ‘सिरीयल बॉलपॉइंट’ दिसेल, त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल नाही, ते परत येतं. पॉइंटर उड्या मारत असताना हे कीबोर्डवरून करावं लागतं, म्हणून वायर काढून मग केलं तर सोपं.

वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं तेही सेटअपमध्ये ठरतं. एसी रिकव्हरी, आफ्टर पॉवर लॉस, अशी नावं. तीन पर्याय: बंद राहा, सुरू हो, आधी जसं होतं तसं हो. काट्यावर ‘बंद राहा’. तिथे माणूस बसलेला असतोच. आपल्याकडे लाईट एकदम येत नाही, येते-जाते-येते. ‘सुरू हो’वर ठेवलेलं मशीन त्या पाच मिनिटांत तीनदा उठतं आणि तीनदा आपटतं. डिस्क आणि काट्याची डेटाबेस फाईल त्यात जाते. ऑफिसच्या मशीनवर टॅलीचा डेटा असेल आणि दुसऱ्या टेबलावरून तो उघडत असाल तर ‘आधी जसं होतं तसं’, पण यूपीएससकट. यूपीएस नसेल तर तिथेही बंदच.

उन्हाळा आणि कापूस. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहून जास्त. सेटअपमध्ये पंख्याचं पान असतं. एचपीमध्ये रिकाम्या वेळचा वेग वाढवायची पट्टी असते, ती दोन-तीन घरं वाढवा. डेलमध्ये पंखा सतत पूर्ण वेगाने ठेवायचा पर्याय असतो, त्याचा आवाज एवढा होतो की दिवाणजी दुसऱ्या दिवशी तक्रार करतील. तो नको. पंखा बंद पडल्याचा इशारा मात्र कधीही बंद करू नका. ‘फॅन एरर, एफ-१ दाबा’ हे रोज दाबायचा कंटाळा येतो म्हणून तो संदेशच बंद करणारे भेटतात. खरं काम पंख्याच्या खाली असतं. सीझनमध्ये हवेत उडणारी रुई हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते, तिची अगदी घट्ट गादी तयार होते, आणि मग पंखा कितीही फिरू दे, हवा पलीकडे जात नाही. मशीन आधी हळू होतं, मग आपोआप बंद पडतं. सीझन चालू असेपर्यंत पंधरा-वीस दिवसांनी मशीन बाहेर नेऊन ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळी सोडली तर भन्नाट फिरतात आणि बेअरिंग जातं.

आता पेनड्राइव्ह. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सेटअप त्यातली एकच पक्की करतो. एक म्हणजे पेनड्राइव्हवरून मशीन बूट करणं. ते जमलं की विंडोजचा पासवर्ड, युजर, सगळं बाजूला राहतं. बूटच्या पानावर यूएसबी बूट बंद करा, नेटवर्क बूटही बंद करा (लॅनच्या ओळीत ‘पीएक्सई’ लिहिलेलं असेल तर साधं ‘एनेबल्ड’ करा), आणि यादीत फक्त विंडोज बूट मॅनेजर ठेवा. दुसरी म्हणजे विंडोज चालू असताना पेनड्राइव्हमधून गाणी, गेम, काहीही उघडणं. सेटअपमध्ये पोर्ट बंद करता येतात, पण पोर्टला माऊस आणि पेनड्राइव्ह यातला फरक सहसा कळत नाही. काही एचपी मॉडेलमध्ये ‘स्टोरेज सोडून बाकी सगळं चालू’ असा पर्याय असतो. असेल तर तोच लावा, काम झालं. नसेल तर पुढचे पोर्ट बंद करा, मागचे कीबोर्ड, माऊस आणि प्रिंटरपुरते ठेवा. बंद करताना कीबोर्ड कोणत्या पोर्टला आहे ते आधी बघा, नाहीतर पुढच्या वेळी सेटअपमध्ये शिरायलाच कीबोर्ड नाही. मागच्या भोकातून माऊस काढून तिथे पेनड्राइव्ह लावणारा हुशार पोरगा निघतोच. त्याला अडवायचं ते विंडोजमध्ये: रात्रपाळीला साधा युजर द्या, ॲडमिन नाही, आणि विंडोज प्रो असेल तर पॉलिसीतून काढता येणारं स्टोरेज बंद करा.

कॅबिनेट उघडल्याचा इशारा, चॅसिस इंट्रुजन, असेल तर चालू करा. मागच्या बाजूला छोट्या कुलपाची कडी असते, तिला कुलूप लावा. रॅम, एसएसडी या खिशात मावणाऱ्या वस्तू आहेत.

आणि आता पासवर्ड. सेटअपमध्ये साधारण तीन तऱ्हेचे असतात. ॲडमिन किंवा सुपरवायझर हा सेटअपचं दार बंद करतो. सिस्टिम किंवा पॉवर-ऑन हा मशीन सुरू होतानाच मागतो. तिसरा हार्ड डिस्कचा. दोन्ही मशीनवर ॲडमिन टाका, एकमेकांपेक्षा वेगळा. पॉवर-ऑन काट्यावर टाकू नका. पाळीपाळीने चार जण बसतात, आठवड्यात तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर येतो. ऑफिसच्या मशीनवर टाकायचा तर टाका, तिथे एकच माणूस बसतो. हार्ड डिस्कचा पासवर्ड कुठेच टाकू नका. तो डिस्कच्या आतच बसतो, मशीन बदललं तरी तिच्याबरोबर जातो, आणि विसरला तर टॅलीचा सगळा डेटा गेला असं समजा. एचपीमध्ये ‘स्ट्रिंजंट’ नावाची ओळ दिसेल, ती बंद राहू द्या. ती चालू केली की मदरबोर्डवरच्या जंपरने पासवर्ड काढायचा शेवटचा मार्गही तुम्ही स्वतः बंद करता.

ॲडमिन पासवर्डने सेटिंगचं दार बंद होतं, डेटाचं नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडं. ऑफिसच्या मशीनवर हिशेब, बँकेची कागदं असतील तर बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) लावा. पण त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी छापून तिजोरीत ठेवा. बिटलॉकर लावल्यावर टीपीएम पुसलं किंवा सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती की मागतंच, आणि पुढे बायोस अपडेट करायचं झालं तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करायचं. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं तर डिस्क एन्क्रिप्शन न विचारताही चालू झालेलं असू शकतं. तेव्हा की त्या खात्यात असते. खातं कोणाच्या मोबाईल नंबरवर आहे ते बघून घ्या. सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या नंबरवर असेल तर आजच बदला.

पासवर्ड ठेवताना फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. सेटअपमध्ये मराठी कीबोर्ड नसतो आणि चिन्हांच्या जागा बदललेल्या असू शकतात. आकडे वरच्या ओळीतून टाइप करा. उजवीकडच्या आकड्यांवरून टाकले आणि पुढच्या वेळी नमलॉक बंद असेल तर तुमचाच पासवर्ड तुम्हाला चुकीचा सांगेल.

सगळं झाल्यावर एफ-१० ने किंवा ‘अप्लाय’ने सेव्ह करा, मशीन बंद करा, प्लग काढून अर्धा तास ठेवा. परत लावल्यावर काट्याचं मशीन आपोआप सुरू व्हायला नको. सुरू केल्यावर तारीख-वेळ बरोबर हवी. बूट करता येणारा पेनड्राइव्ह लावून बूट मेनूची किल्ली दाबा: एकतर पासवर्ड मागायला हवा, नाहीतर यादीत पेनड्राइव्ह दिसायला नको. मग एक रिकामी ट्रॉली चढवून पावती छापा. पासवर्ड पाकिटात, तिजोरीत, आणि दिवाणजींशिवाय अजून एका माणसाला माहीत. काट्यावरच्या ऑपरेटरला नाही.